गरीब जनावर हवं असेल तर जात नंतर, गोठा आधी बघा

ताई, तुम्ही विचारलंय ते असं: तुम्ही दोघं मुलुंडला राहता, मुरबाडच्या पुढे चार एकर जमीन आहे, तिथे सासू-सासरे कायमचे असतात. सासरे अडुसष्टचे. सात वर्षांचा मुलगा सुट्टी लागली की तिकडेच. सहा-सात जनावरांचा छोटा कळप मांसासाठी वाढवावा असं मनात आहे. अँगस, हेरफर्ड या परदेशी जाती फार शांत असतात असं व्हिडिओत पाहिलंत. त्यांचा आपल्या गावठी गाईंशी संकर करता येईल का, आणि नसेल जमत तर इथली कोणती जात म्हाताऱ्या माणसाला नि लहान पोराला झेपेल?

मी जनावरांचा डॉक्टर. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर आधी जोगेश्वरी-गोरेगावचे तबेले, मग ठाणे-पालघरकडचे गोठे, असं काम करत आलोय. तेव्हा उत्तर गोठ्यातलं आहे, पुस्तकी कमी.

कायद्याचं आधी उरकू, कारण तिथेच तुमचा अर्धा बेत बदलतो. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्यात १९९५ साली दुरुस्ती झाली, तिला राष्ट्रपतींची मंजुरी २०१५ च्या मार्चमध्ये मिळाली. तेव्हापासून गाय तर सोडाच, वळू आणि बैल यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. कत्तलीसाठी त्यांची खरेदी-विक्री आणि वाहतूकही यातच येते. अँगसचा संकर केला तरी वासरू गोवंशच, त्याला वेगळा नियम नाही. शिवाय आपल्या पैदास धोरणात संकरासाठी होल्स्टीन आणि जर्सी या दुधाच्या जाती आहेत, मांसाच्या नाहीत. म्हणजे तो विषय संपला. मांसासाठी कायद्याने मोकळी असलेली मोठी जनावरं म्हणजे म्हशी आणि रेडे, आणि तीही सक्षम अधिकाऱ्याचा दाखला घेऊन, परवाना असलेल्या कत्तलखान्यातच. मुंबईला ते देवनार. घरामागे कापणं वगैरे डोक्यातून काढून टाका.

तरी तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत खोटं काही नाही. स्कॉटलंडची अँगस, इंग्लंडची हेरफर्ड, अँगस आणि शॉर्टहॉर्न यांच्या रक्तातून ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठी तयार झालेली मरे ग्रे, या जाती तिकडे छोट्या शेतकऱ्याला सुचवल्या जातात त्या यासाठीच. अँगस नि मरे ग्रे तर बिनशिंगाच्या. पण हा शांतपणा आभाळातून पडलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलाय. फ्रान्सची लिमोझिन ही जात अमेरिकेत एके काळी तापट म्हणून बदनाम होती. तिथल्या पैदासकारांनी खोड्यात (जनावर अडकवून उभं करायच्या चौकटीत) उभं केल्यावर जनावर कसं वागतं याला गुण द्यायला सुरुवात केली आणि १९९० च्या दशकात स्वभाव हा वळू निवडायचा अधिकृत निकषच करून टाकला. काही पिढ्यांत जातीची ओळख पालटली. बीफमास्टर नावाची आणखी एक अमेरिकन जात आहे. ती बनवणाऱ्याने सहा गुण ठरवले होते, त्यांत वजन-दुधाइतकाच मान स्वभावाला. आणि तिच्या अंगात निम्म्याच्या आसपास रक्त ब्राह्मन जनावराचं, म्हणजे आपल्याकडून गेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल वगैरेंच्या वंशाचं.

तिकडच्या माणसाला विचारा, तो सांगेल की ब्राह्मन जनावर बुजरं, सांभाळून वागावं लागतं. इकडे काठेवाडात त्याच गीरच्या पोटाखाली पोरं खेळतात. रक्त तेच, वागणं दोन टोकांचं, कारण तिकडे हजार एकरांच्या कुरणात ते जनावर माणसाला वर्षातून दोन-तीनदा बघतं, तेही घोड्यावर बसलेल्या आणि हाकाटी करणाऱ्या. इथे रोज पहाटे त्याच बाईचा हात कासेला लागतो. स्वभावात आईबापाचा वाटा असतो, नाही असं नाही, पण तो मध्यमच. बाकीचं हात घडवतात. तुम्ही जातीचं नाव विचारलंत, मी नाव सांगणारच आहे, पण विकत घेताना पैसे नावाला न देता जनावराला द्या.

आता इथल्या जाती. मुरबाडकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, सगळी भातखाचरं, चिखल. तिथे माझी पहिली पसंती डांगी. इगतपुरी, अकोले, पेठ, सुरगाणा, जव्हार-मोखाडा या घाटमाथ्याच्या पट्ट्यातलं हे जनावर. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके-डाग, काळे टणक खूर, शिंगं आखूड. कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पावसाचं पाणी अंगावर ठरत नाही. चार महिने भिजूनही हिच्या खुरांना सहसा काही होत नाही. स्वभावाने गरीब, संथ, चालायला सावकाश. दूध दोन-तीन लिटर, त्याहून जास्तीची स्वप्नं बघू नका. ठाकर-महादेव कोळ्यांच्या घरात ही गाय अंगणात बांधलेली असते, म्हातारी तिला नावाने हाक मारते नि ती मान वळवते. असं घर सापडलं की तिथूनच घ्यावी. बैल घोटीच्या बाजारात आणि राजूरच्या प्रदर्शनात बघायला मिळतात, पण बाजार बघायला जा, घ्यायला नको. का ते खाली सांगतो.

कोकण कपिला ही आपल्या पट्टीतलीच जात, आता राष्ट्रीय नोंदणीही झाली आहे. लहान चणीची, थोडक्यात भागणारी. स्वभाव मुळात वाईट नाही, पण बऱ्याच गावांत भात कापून झालं की गुरं मोकाट सोडतात, ती महिनोन्‌महिने माणसाच्या हाताला लागत नाहीत. अशी मोठी गाय आणून दाव्याला बांधलीत तर सासऱ्यांचा हात खांद्यातून निखळेल. या जातीची घ्यायचीच तर कालवड घ्या, वर्षाच्या आतली.

लातूरकडची देवणी मनाने फार चांगली. वानेरा, बालंक्या, शेवेरा असे तिचे तीन प्रकार, दूधही डांगीपेक्षा बरं. नांदेडची लाल कंधारीही तशीच, कष्टाळू नि गरीब. पण दोघीही कोरड्या हवेच्या. पहिल्याच पावसाळ्यात खूर नरम पडतात, गोचिडांचा त्रास होतो, आणि दुखणारं जनावर गरीब राहत नाही. हे शेवटचं नीट लक्षात घ्या. स्वभाव बिघडला म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत पुष्कळदा स्वभाव बिघडलेलाच नसतो, सडाला चीर पडलेली असते नाहीतर खुरात खडा रुतलेला असतो.

गीर शांत खरी, पण लोंबती कास चिखलात घासते, सड मळतात, दगडीचा आजार (कासेची सूज) होतो. शिवाय तिची वासरावर भारी माया. वासरू दगावलं तर पान्हा चोरते. कोरडा, उंच, फरसबंद गोठा असेल तरच. खिल्लार तुमच्यासाठी नाही. आटपाडी-सांगोल्याकडचं ते देखणं जनावर शर्यतीच्या बैलाचं, चपळ आणि तापट, त्याला हात लावायला त्याच्याच घरचा माणूस लागतो. आणि हल्ली मुंबईकरांत पुंगनूरचं वेड आलंय, कमरेएवढी गाय. आंध्रातली ही जात खरीच छोटी नि प्रेमळ आहे, पण पुंगनूर म्हणून लाखांना विकली जाणारी सगळीच जनावरं पुंगनूर नसतात. त्या नादी लागू नका.

संकरित होल्स्टीन गाय स्वभावाने गरीबच असते. प्रश्न तुमच्या हवेचा आहे. मे महिन्यात धापा टाकते, पावसात गोचीड ताप येतो, औषधपाण्याचा खर्च दुधाच्या पुढे जातो. जर्सीचा संकर उन्हाला जरा बरा, गाय लहानखुरी, चौकस, माणसात रमणारी. पण याच जर्सीचा वळू जगभर बदनाम आहे. दुधाच्या जातींचे वळू मांसाच्या जातींच्या वळूंपेक्षा जास्त धोक्याचे, हा सगळीकडचा अनुभव. म्हणून गाईचा स्वभाव बघून त्या जातीचा नर पाळायला जाऊ नका.

म्हशींकडे वळू, कारण तुमचा मांसाचा विचार जमला तर इथेच जमेल. लोकांना म्हैस रागीट वाटते, तिचा रंग आणि रोखून बघणं यामुळे. प्रत्यक्षात रोजच्या माणसाबरोबर म्हैस गाईइतकीच, कधी जास्तच शांत. कोल्हापुरात संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस आणून गिऱ्हाईकासमोर धार काढून देतात ते तुम्ही पाहिलं असेल. हॉर्न वाजताहेत, स्कूटर जवळून जातेय, तांब्या घेऊन माणसं उभी आहेत, आणि पंढरपुरी म्हैस रवंथ करत पान्हा सोडतेय. गरीबपणाची याहून मोठी परीक्षा कुठली? पण पंढरपुरीची शिंगं तलवारीसारखी लांब, पार खांद्याच्या मागे जाणारी. तिने नुसती पाठीवरची माशी हाकलायला मान फिरवली तरी शेजारी उभ्या सात वर्षांच्या पोराच्या तोंडाची उंची आणि त्या शिंगाची टोकं एकाच रेषेत येतात. तिचा दोष काही नाही, पण म्हणून तुमच्याकडे नको.

मुऱ्हाची शिंगं जिलेबीसारखी आत वळलेली, तिथे तो धोका कमी. मुंबईच्या तबेल्यांत बहुतेक मुऱ्हाच. जनावर मोठं, पाचशे किलोच्या घरात, चांगली व्यालेली लाखाच्या खाली क्वचितच मिळते. तुम्हाला इतकं मोठं नको असेल तर गुजरातची सुरती बघा: मध्यम चण, कोयत्यासारखी शिंगं, खायला बेताची. पालघरच्या बाजूला गुजरात जवळ असल्याने मिळायला सोपी. सासूबाई धार काढणार असतील तर मी सुरतीच म्हणेन.

तबेल्यातली म्हैस स्वस्तात मिळते म्हणून आणायचा मोह होईल. भाकड झाली की तिथे तिला ठेवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. जनावर वाईट नसतं, पण ते वर्षानुवर्षं एका जागी बांधलेलं, सिमेंटवर उभं राहिलेलं, पुष्कळदा वासरू मेल्यामुळे ऑक्सिटोसिनच्या सुईवर दूध द्यायची सवय लागलेलं. ती सुई अशी वापरणं बेकायदा आहेच, पण त्याहून व्यवहाराची गोष्ट म्हणजे सुई बंद केली की ती म्हैस अडते, लाथा झाडते. मग लोक म्हणतात मुऱ्हा मारकी असते.

आता निवडायचं कसं, हा खरा मुद्दा.

बाजारात जनावराचा स्वभाव कळत नाही. ते रात्रभर टेम्पोतून आलेलं असतं, तहानलेलं असतं, अनोळखी शंभर जनावरांत बांधलेलं असतं. अशा वेळी मारकं जनावर दमून गप्प उभं राहतं आणि गरीब जनावर घाबरून उसळतं. हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवेल, तुम्हाला सुधरायच्या आत व्यवहार झालेला असेल. त्यापेक्षा घरी जा, मालकाच्या गोठ्यात. आधी विचारा, धार कोण काढतं? घरातली म्हातारी किंवा सून काढत असेल तर अर्धं काम झालं. गडीच काढतो, तोच पाहिजे, असं उत्तर आलं तर सावध. मग संध्याकाळची आणि दुसऱ्या सकाळची, दोन्ही वेळची धार समोर बसून बघा. धार न काढता तुंबवून मोठी दाखवलेली कासही त्यातच उघडी पडते, म्हणजे दुधाचाही अंदाज मिळतो.

धार काढताना नजर भांड्यावर नको, मागच्या पायांवर ठेवा. ढोपराच्या वर केस झिजून गोल पट्टा दिसला तर समजा रोज पाय बांधल्याशिवाय ती उभी राहत नाही. नाकपुडीत वेसणीची जखम ताजी, फाटलेली असेल तर तिला ओढून-ओढूनच हलवावं लागतं. शेपटी बघा: सैल लोंबत असेल, माशांपुरती हलत असेल तर ठीक, सारखी फटकारत असेल किंवा दोन पायांत घट्ट दाबून धरली असेल तर जनावर त्रासलंय नाहीतर घाबरलंय. मग स्वतः जवळ जा. समोरून नको आणि पाठीमागून तर नकोच, तिथलं तिला दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत-बोलत. हातभर अंतरावर थांबा. तिने मान वळवून हुंगलं तर हात खांद्यावर ठेवा, तिथून पाठीवर, पोटाखाली, कासेपर्यंत न्या. कातडी थरथरली तर चालेल, पाय उचलला तरी चालेल, पण मान खाली घालून फुस्स केलं तर बाहेर या आणि चहा घेऊन निघा. जमलं तर छत्री उघडून बघा. दचकणं साहजिक आहे. दचकून परत चारा खायला किती वेळात लागते ते महत्त्वाचं.

एक गोष्ट मात्र पारखून घ्या: गरीब आणि मलूल यांत फरक आहे. ताप असलेलं जनावर फार गुणी वाटतं, कुठेही हात लावू देतं. नाकपुडी ओलसर आहे का, कान हलताहेत का, रवंथ चाललाय का हे बघा, आणि शक्य असेल तर थर्मामीटर लावून घ्या. १०१ ते १०२ फॅरनहाइट असायला हवं.

जुनी माणसं भोवरे बघतात, तुमचे सासरेही बघतील. अमुक भोवरा मालकाला खातो, तमुक घर भरतो, हे शुभाशुभ मी सोडून देतो. पण कपाळावरच्या भोवऱ्याचं एक निरीक्षण अभ्यासातून आलेलं आहे. अमेरिकेत जनावरांच्या वागण्याच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी १९९० च्या दशकात शेकडो जनावरं खोड्यात जाताना पाहिली, तेव्हा ज्यांचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर होता ती जास्त बिथरली, रेषेच्या खाली असलेली कमी. एवढ्यावर सौदा ठरवू नये, पण दोन सारख्या कालवडींत निवडायचं असेल तर मी कपाळाकडे एकदा बघतो.

आणि विकत घ्यायच्या जनावराची आई गोठ्यात असेल तर तिलाही असंच बघा. कालवड आईकडे बघूनही बरंच शिकते. माणूस आला की आई उधळते, हे बघत वाढलेली कालवड तुमच्याकडे येऊन एकदम साधू होणार नाही.

वळू ठेवायचा का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सहा-सात जनावरांचा कळप म्हटला की कोणीतरी ते सुचवणारच. ठेवू नका. रेडाही नको. माणसं जनावरामुळे मरतात त्यांत या चुकीचा वाटा मोठा. शांत वाटणारा वळू जास्त धोक्याचा, कारण लोक त्याच्याकडे पाठ करतात. चार-पाच माद्यांसाठी कृत्रिम रेतन पुरतं, दवाखान्याचा माणूस घरी येतो. तुमचं काम इतकंच की माज ओळखायचा. गाय हंबरते, दुसरीवर चढते, सोट (चिकट स्राव) टाकते, ते लगेच कळतं. म्हशीचा माज मात्र मुका असतो, उन्हाळ्यात तर दिसतही नाही, म्हणून सासूबाईंना पहाटे आणि रात्री उशिरा एक फेरी मारायला सांगा. खोडा मात्र आधी बांधून घ्या. सागाचे नाहीतर लोखंडी पाइपचे चार खांब, आडवे दांडे, पुढे मान अडकवायची सोय. लस असो, खूर कापणं असो, रेतन असो, खोडा नसला की चार माणसं दोर लावून जनावराला पाडतात, आणि एकदा पाडलेलं जनावर तो माणूस, तो दोर, ती जागा विसरत नाही.

रेतनातून निम्मे नर होणार, हा हिशेब आधी करून ठेवा. गाईला गोऱ्हा झाला तर त्याला विकायची वाट फक्त शेतीची, आणि भाताला पॉवर टिलर आल्यापासून ती अरुंद झालीय. डांगी गोऱ्ह्याला अजून घाटमाथ्यावर गिऱ्हाईक आहे, संकरिताला जवळपास नाही. त्यासाठी लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरा, दहापैकी नऊ वेळा कालवड होते. राज्याने २०२४ मध्ये देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं, तेव्हा रोज पन्नास रुपयांच्या अनुदानाची बातमी आली होती, ते गोशाळांसाठी आहे, घरच्या गाईला नाही.

म्हशीचं उलट. तिथे रेडकू हेच तुमचं मांसाचं जनावर. तबेल्यात नर पारडाला दूध परवडत नाही म्हणून त्याची हेळसांड होते, ती पारडं स्वस्तात मिळतात. पण ज्याला पहिल्या दोन तासांत चीक मिळाला नाही असं पारडू फुकट मिळालं तरी महाग. शक्यतो आपल्याच म्हशीचं वाढवा. दहाव्या-पंधराव्या दिवशी जंताचं औषध, नाहीतर पोटात गोळे होऊन मरतात. पुढे बरा खुराक असला तर रोज अर्ध्या किलोच्या आसपास वजन धरतं. खच्चीकरण डॉक्टरकडून, चिमट्याने, भूल देऊन. दगडाने बडवणारा कोणी आला तर अंगणातूनच परत पाठवा. खच्ची केलेला हल्या सासऱ्यांच्या हाताला सहज लागतो, न केलेला दुसऱ्या वर्षी दावं तोडतो. आणि एकटं पारडू कधी वाढवू नका. बाटलीवर, माणसात, एकट्याने वाढलेला नर स्वतःला माणसांपैकीच एक समजतो, आणि वयात आला की माणसाशीच टक्कर घेतो. दोघं-तिघं एकत्र वाढले की त्यांची रग आपापसांत जिरते.

मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या वर्षी चारच आणली असती: दुसऱ्या वेताची एक डांगी आणि तिच्याच गोठ्यातली एक कालवड, दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या दोन सुरती म्हशी, त्याही एकाच घरच्या. ओळखीची जोडी बरोबर असली की नव्या जागी दोन दिवसांत चाऱ्याला लागतात, एकटी आणली तर आठवडाभर हंबरते. पहिलारू घेऊ नका, तिला धारेची सवय तुम्हाला लावावी लागेल आणि तुमच्याकडे ते शिकलेले हात नाहीत. दिवाळीनंतर घ्या, चिखल गेलेला असतो, पेंढा मुबलक असतो, आणि पुढच्या पावसापर्यंत जनावर घरचं झालेलं असतं. पौष पौर्णिमेला म्हसा गावची जत्रा भरते, मुरबाड तालुक्यातच. तिथे सासऱ्यांना घेऊन नुसते फिरा, डोळा तयार होतो.

आणताना कागद पक्के ठेवा. खरेदीची पावती, कानातल्या बिल्ल्याचे बाराही अंक त्या पावतीवर, डॉक्टरचा दाखला. एका गाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरं नियमात बसत नाहीत. रात्री आणू नका. दुधाची गाय नेताना अडवलेले, कागद असूनही पहाटेपर्यंत रस्त्यात बसलेले शेतकरी मी पाहिलेत. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी या लशी कधी टोचल्या ते विचारून घ्या, आणि नवी जनावरं दोन-तीन आठवडे वेगळी बांधा.

एक तुम्हाला न पटणारं सांगतो. अगदी मेणाहून मऊ गाय तुमच्या भागात पूर्ण सोयीची नाही. मुरबाडच्या जंगलपट्टीत बिबट्या आहे. वासरू लहान असताना ज्या गाईला ताव येतो तीच त्याला सांभाळते. म्हणून व्याल्यानंतरचे आठ-दहा दिवस गाय थोडी अंगावर आली तर तिला मारकी ठरवून विकू नका. त्या दिवसांत वासरू आणि गाय यांच्या मधे कोणी उभं राहायचं नाही, कुत्रा तर गोठ्यात सोडायचाच नाही. रात्री गोठा जाळीने बंद.

मुलाचं विचारलंत, वासरांशी खेळू द्यायचं का. कालवडीशी, वगारीशी (म्हशीच्या मादी पारडाशी) हवं तितकं खेळू दे. त्यानेच त्या माणसाळतात. त्याने रोज हातातून मूठभर चारा दिला, अंगावरून ब्रश फिरवला की वर्षभरात ती त्याच्या मागे चालेल. नराच्या बाबतीत एकच गोष्ट कडक पाळा: कपाळाला हात लावून ढकलाढकली करायची नाही. दोन महिन्यांचं पारडू डोकं लावून रेटतं ते फार गोड दिसतं, घरातले व्हिडिओ काढतात, पण तेच पारडू अडीचशे किलोचं झाल्यावर तोच खेळ खेळायला येतं. खाजवायचंच असेल तर गळ्याखाली, पोळीजवळ (मानेखालच्या लोंबत्या कातडीजवळ) खाजवावं. तिथे जनावर मान वर करतं.